उडवलेला लॉग

२०१७ च्या जून महिन्यातली शेवटची तारीख. मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. एका शिक्षणसंस्थेचे प्रवेशअर्ज आमच्या साइटवर भरले जात होते आणि मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. साडेअकराच्या सुमारास फोन सुरू झाले. अर्ज उघडतोय, पण फोटो अपलोड होत नाही. सही अपलोड होत नाही. मी लॅपटॉप उघडून पाहिलं तर सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली.

वीस जीबीची डिस्क आणि त्यातले अकरा जीबी एकाच फाइलनं खाल्लेले. वेब सर्व्हरच्या लॉगची फाइल. नावापुढे 'डॉट वन' होतं, म्हणजे जुनी, बाजूला काढून ठेवलेली. तिच्या शेजारी बिनाआकड्याची, म्हणजे चालू लॉगची फाइल होती. ती रिकामी होती. आता वाटतं, त्या शून्याकडे पाहून तरी मी थांबायला हवं होतं. पण फोन वाजत होता. मी जुनी फाइल उडवली आणि डिस्क पुन्हा तपासली. तरीही शंभर टक्के. फाइल यादीतून गेली होती, पण जागा काही परत आली नव्हती.

मग घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं. वेब सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. अकरा जीबी एका झटक्यात मोकळे झाले, साइट धावू लागली. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

आपण नेमकं काय घालवलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते तसं का घडलं हे समजून घ्यायला मात्र मला बराच मागे, पार १९६९ पर्यंत जावं लागलं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी त्या वर्षी युनिक्स लिहायला घेतलं. आजचे बहुतेक वेब सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, ते त्याच वळणाचं आहे. युनिक्समध्ये फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोल्डर म्हणजे एक साधी यादी: हे नाव, हा क्रमांक. खरी फाइल त्या क्रमांकामागे असते. त्या नोंदीला आयनोड म्हणतात. आपण फाइल 'उडवतो' तेव्हा यादीतलं फक्त नाव खोडलं जातं. युनिक्समध्ये या कामाला 'डिलीट' असा शब्दच नाही, 'अनलिंक' म्हणतात. मजकूर कधी जातो? त्याला एकही नाव उरलं नसेल आणि कुठल्याही चालू प्रोग्रॅमनं ती फाइल उघडून धरलेली नसेल, तेव्हा. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

ही चूक नाही, सोय आहे. प्रोग्रॅमला तात्पुरती फाइल हवी असते, तेव्हा तो ती उघडतो, लगेच तिचं नाव खोडतो आणि निवांत वापरत राहतो. तो संपला, की फाइलही जाते. कचरा मागे राहत नाही.

माझ्या अकरा जीबींचं तेच झालं होतं. दारावरची पाटी मी काढली होती, पण आत कारकून बसून लिहीतच होता. आणि लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात कुठल्या प्रोग्रॅमनं कोणत्या फाइली धरून ठेवल्यात हे दिसतं आणि नाव खोडलेली फाइलसुद्धा तिथून कॉपी करून घेता येते. म्हणजे पावणेबारा वाजता मी उडवलेली फाइल पूर्ण गेलेली नव्हती. सर्व्हर बंद केला, तेव्हा ती गेली.

'लॉग' हा शब्द समुद्रावरून आलाय. सोळाव्या शतकापासून इंग्रज खलाशी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या, तो वेग. वेग मोजायचं 'नॉट' हे एकक तिथलंच. हे आकडे ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. पुढे तिच्यात वारा, दिशा, आजारी माणसं, झालेल्या शिक्षा, सगळंच येऊ लागलं.

जहाजाची वही माणूस लिहायचा. कॉम्प्युटरचा लॉग प्रोग्रॅम स्वतःच लिहितो, म्हणून तो निःपक्ष आहे असं आपल्याला वाटतं. पण काय लिहायचं आणि काय नाही हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं, बहुधा घाईत.

वेबच्या आधीचं मोठं उदाहरण सिसलॉगचं. बर्कलीचे एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर ते लिहिलं. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपली वेगळी वही ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच चावडीवर नोंद द्यावी, ही कल्पना. नोंदींच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या केल्या. शून्य म्हणजे सगळं कोसळलंय, सात म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामाची बारीकसारीक बडबड. ही पद्धत इतकी पसरली, की दोन दशकं तिचा लेखी नियमच कुणी केला नाही. २००१ मध्ये केला, तोही चालत आलेला रिवाज लिहून काढावा तसा. त्या रिवाजात नोंदीच्या सुरुवातीला महिना, तारीख आणि वेळ असायची. वर्ष नसायचं. टाइमझोनही नसायचा.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण मराठी इतिहासाच्या वाचकाला हे दुखणं ओळखीचं आहे. पेशवाईतल्या कितीतरी पत्रांवर चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होतं, मग लिहायचं कशाला? वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्या संशोधकांचं निम्मं आयुष्य पत्रांची सालं ठरवण्यात गेलंय. पत्रात आलेली लढाई, कुणाचा मृत्यू, कुठला वार, यांवरून ताळा लावायचा. सर्व्हरच्या दोन वर्षांच्या लॉगच्या फाइली एकत्र झाल्या की अगदी हेच करावं लागतं. सिसलॉगच्या नियमात वर्ष आणि टाइमझोन आले ते २००९ मध्ये.

लॉगनं काय करता येतं हे ज्यानं जगाला दाखवलं, तो क्लिफर्ड स्टॉल मुळात खगोलशास्त्रज्ञ होता. १९८६ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामावर आला. तिथे कॉम्प्युटर वापरल्याचे पैसे विभागांकडून घ्यायचे आणि त्याचा हिशोब दोन वेगळे प्रोग्रॅम ठेवायचे. दोघांच्या हिशोबात पंचाहत्तर सेंटचा फरक आला. पाऊण डॉलर. कुणीही सोडून दिला असता. स्टॉलनं धरून ठेवला आणि जवळजवळ वर्षभर पाठलाग करत तो जर्मनीतल्या हॅनोव्हरमधल्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. हेस अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या कॉम्प्युटरांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. या सगळ्यावरचं स्टॉलचं 'द ककूज एग' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं.

मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हेरगिरीची नाही. हेसनं त्या मशीनवर सर्वाधिकार मिळवले होते. म्हणजे मशीनवरच्या नोंदी तो हवा तेव्हा पुसू शकत होता. मग स्टॉलनं एका शुक्रवारी इकडूनतिकडून प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या फोनलाइनींना जोडून टाकले. घुसखोर जे टाइप करेल ते तिथल्या तिथे कागदावर. कॉम्प्युटरचे अधिकार कितीही मिळाले तरी दुसऱ्या खोलीतला कागद फाडता येत नाही. लॉग त्याच मशीनवर ठेवू नका, हे आज प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. आमचा लॉग त्याच मशीनवर होता. त्याच डिस्कवर.

आता वेबकडे येऊ. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या शेवटी पहिला वेब सर्व्हर चालवला. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूलनं आणखी एक लिहिला आणि तो भराभर पसरला. १९९४ मध्ये मॅककूल तिथून गेला, सर्व्हरचं काम रेंगाळलं, आणि तो वापरणाऱ्या लोकांनी आपापल्या दुरुस्त्या गोळा करून १९९५ मध्ये अपाचे उभा केला. वर्षभरात तो जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला.

सुरुवातीला दर सर्व्हर आपल्या पद्धतीनं लॉग लिहायचा. मग सर्व्हर लिहिणाऱ्यांनी एक सामाईक ओळ ठरवली. त्या ओळीला आज बरीच वर्षं झाली. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता, तेव्हा कुठेतरी तशीच एक ओळ लिहिली जाते. देवनागरीत घातली तर ती अशी दिसेल:

१०.०.०.७ - - [३०/जून/२०१७:१८:०८:१२ +००००] "पोस्ट /अर्ज/४१२७/फोटो" ५०० ६१२

पहिला आकडा मागणी करणाऱ्या मशीनचा पत्ता. कंसात वेळ. मग काय मागितलं किंवा पाठवलं. ५०० म्हणजे सर्व्हरकडून गडबड झाली. सगळं नीट असतं तर तिथे २०० आलं असतं. शेवटचा आकडा उत्तरात किती बाइट गेले त्याचा.

पण मधल्या त्या दोन आडव्या रेघा? दुसरी रेघ सोपी आहे: सर्व्हरनं पासवर्ड विचारला असेल तर तिथे वापरणाऱ्याचं नाव येतं. पहिली रेघ म्हणजे एका मोडलेल्या भरवशाची खूण आहे. १९८० च्या दशकात एकेका विद्यापीठात एकच मोठं मशीन असायचं आणि त्यावर शेकडो लोक काम करायचे. नुसत्या पत्त्यावरून माणूस कळत नसे. म्हणून आयडेंट नावाची पद्धत काढली: सर्व्हरनं पलीकडच्या मशीनला विचारायचं, 'हे जोडणी करणारं तुमच्याकडचं कोण?' आणि त्या मशीननं खरं सांगायचं. १९९३ मध्ये तिचा सुधारित नियमही आला. पण तोवर घरोघरी पीसी येऊ लागले होते. पीसीचा मालक हवं ते उत्तर द्यायला मोकळा होता. आयडेंट वेबवर जवळपास कुणी चालू केलंच नाही. तरी लॉग वाचणारे प्रोग्रॅम ओळीतले रकाने मोजून चालायचे, म्हणून तो रकाना काढताही येईना. आज जगभर रोज अगणित ओळींत ती रेघ उमटते. 'तुम्ही कोण?' असं विचारायचं ठरलं होतं, विचारलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

वेळेचंही ऐका. आमचा सर्व्हर जागतिक वेळेवर होता, म्हणून ओळीत १८:०८ दिसतं. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतातले रात्रीचे अकरा अडतीस होतात. पूर्ण तासांनी वेळ बदलणाऱ्या देशांतल्या लोकांचा या अर्ध्या तासापाशी हमखास गोंधळ उडतो. आणि अपाचे मागणी आली ती वेळ लिहितो, पण ओळ लिहितो काम संपल्यावर. एखाद्याचा फोटो मंद नेटवर दोन मिनिटं चढत असेल, तर त्याची ओळ त्याच्यानंतर आलेल्यांच्या खाली लागते. लॉग वरून खाली वाचला की घटना क्रमानं कळतात, असं समजू नये.

पुढे त्या ओळीत आणखी दोन रकाने आले. एक, तुम्ही कुठल्या पानावरून आलात. त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग सुरुवातीलाच एका अक्षरानं चुकलं आणि १९९६ च्या नियमातही तसंच छापलं गेलं; आता दुरुस्त केलं तर जगभरची साइट मोडेल. दुसरा, तुमचा ब्राउझर कोणता. तिथे क्रोम असो, सफारी असो, प्रत्येक जण आधी 'मोझिला' म्हणून स्वतःची ओळख देतो. मोझिला हे नेटस्केपचं घरगुती नाव. काही साइट चांगली पानं फक्त नेटस्केपला द्यायच्या, म्हणून मायक्रोसॉफ्टनं आपल्या ब्राउझरला तेच नाव सांगायला शिकवलं, मग त्याच्या पुढच्यानं, मग त्याच्याही पुढच्यानं. निःपक्ष नोंदवहीत पहिलाच शब्द सगळे खोटा सांगतात, आणि सगळ्यांना ते माहीत आहे.

१९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीफन टर्नर यांनी लॉग मोजणारा ॲनालॉग हा प्रोग्रॅम काढला. तो खूप वापरला गेला. पण टर्नर स्वतःच सांगत राहिले, की लॉगवरून साइटवर किती माणसं आली ते कळत नाही. किती मागण्या आल्या एवढंच कळतं. एका पत्त्यामागे अख्खं ऑफिस असू शकतं. आपल्याकडे तर मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. अहेरीचा मुलगा आणि अंधेरीची मुलगी लॉगमध्ये एकच दिसू शकतात. त्या रात्रीच्या ओळींत मात्र अर्जाचा क्रमांक होता. माणूस नाही, तरी अर्ज ओळखता आला असता.

आता त्या शून्य आकाराच्या फाइलीकडे परत येतो. लॉग वाढतच जातात, म्हणून रोज किंवा आठवड्यानं चालू फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवतात आणि नवी कोरी फाइल उघडतात. लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी लॉगरोटेट करतो. पण नाव बदललं तरी आयनोड तोच. चालू वेब सर्व्हरला नावाशी देणंघेणं नसतं, त्यानं आयनोड धरलेला असतो. म्हणून नाव बदलल्यावर त्याला खूण करावी लागते, की बाबा, वही बंद कर आणि नवी उघड. आमच्या सर्व्हरवर कुणीतरी ती खुणेची ओळच लिहायला विसरलं होतं. त्यामुळे 'जुन्या' फाइलीतच वर्षभर चालू लॉग साचत होता. नवी फाइल रिकामी होती, आणि रिकामी फाइल फिरवू नकोस असं लॉगरोटेटला सांगून ठेवलेलं, त्यामुळे गाडी तिथेच अडली. मी जुनी समजून उडवली ती त्या क्षणापर्यंतची ताजी वही होती.

कारकुनावर आपण किती विश्वास टाकतो याचा कडेलोट २०२१ च्या डिसेंबरात झाला. जावा प्रोग्रॅमांमध्ये लॉग लिहायला वापरतात त्या लॉग-फोर-जे मध्ये एक भोक सापडलं. लॉगमध्ये लिहायला दिलेल्या मजकुरात ठरावीक खुणा दिसल्या, की तो नुसता उतरवून घेण्याऐवजी त्यांचा अर्थ लावायला जायचा, त्यासाठी बाहेरच्या सर्व्हरला फोन करायचा आणि तिथून आलेला प्रोग्रॅम चालवायचा. माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. उतरवून घ्यायला बसवलेला माणूस उतरवलेल्या हुकुमाची तामिली करू लागला, असा तो प्रकार.

दरम्यान लॉग कोर्टातही पोचला होता. जर्मनीतले पात्रिक ब्रायर सरकारी साइटवर गेले की त्यांचा पत्ता लॉगमध्ये साठवला जातो, याविरुद्ध भांडत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपियन कोर्टानं म्हटलं, की सतत बदलणारा पत्ताही, त्यामागचा माणूस शोधायचा कायदेशीर मार्ग साइटवाल्याकडे असेल तर, खाजगी माहितीच आहे. आपल्याकडे वारं उलट वाहिलं. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला: लॉग १८० दिवस सांभाळून ठेवा आणि सर्व्हरची घड्याळं सरकारी घड्याळाशी जुळवून ठेवा. २०१७ मध्ये असा आदेश नव्हता. असता तरी मी तो पावणेबाराला आठवला असता का, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेकडे मेल येऊ लागले. आम्ही मुदतीत अर्ज भरत होतो, फोटो चढला नाही, तुमची साइट बंद होती. संस्थेनं आम्हाला विचारलं: साडेअकरा ते बारा कोणकोण प्रयत्न करत होतं, यादी द्या. रास्त मागणी होती. डिस्क भरत आली की आधी फोटोसारख्या मोठ्या फाइली अडतात. दोनशे बाइटची लॉगची ओळ अधूनमधून शिरत राहते. म्हणजे वर दिली तशा ओळी, अर्जाच्या क्रमांकासह, त्या फाइलीत पडलेल्या असणार. माझ्या मॅनेजरनं विचारलं, "लॉग आहे ना?" मी म्हणालो, "उडवला." तो काही बोलला नाही. मग संस्थेला कळवलं गेलं, की तांत्रिक कारणामुळे नोंदी उपलब्ध नाहीत.

संस्थेनं ठरवलं, की ज्यांच्याकडे मुदतीच्या आतला स्क्रीनशॉट असेल त्यांचे अर्ज घ्यायचे. फोनच्या वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ हा पुरावा. बऱ्याच जणांनी पाठवले. एका मुलीनं लिहिलं होतं, की ती नेटकॅफेतून भरत होती, स्क्रीनशॉट घ्यायचं सुचलं नाही, पण कॅफेवाल्या दादांनी पाहिलंय, त्यांचा नंबर देते. तो मेल मला माहितीसाठी म्हणून पुढे पाठवला होता. अर्जाचा क्रमांकही तिनं दिला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं काम संस्थेचं होतं.

त्या आठवड्यात मी लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये ती राहिलेली ओळ घातली आणि लॉगसाठी वेगळी डिस्क मागून घेतली. तिचा महिन्याचा खर्च कंपनीतल्या दोन चहांच्या बिलाइतका होता.